तीस सेंटिमीटरचा कायदा आणि यंत्राचा अंदाज

इंग्लंडच्या पूर्वेला होम फेन नावाच्या दलदलीच्या भागात एक लोखंडी खांब उभा आहे. पाहणाऱ्याला वाटावं की कुणीतरी तो हौसेने उभारला असेल. खरं तर 1851 मध्ये तो पुरला होता, आणि त्याचं टोक बरोबर जमिनीच्या पातळीला येईल असा पुरला होता. जवळचं एक मोठं तळं शेतीसाठी त्याच सुमाराला उपसून कोरडं केलं गेलं. पाणी काढल्यावर जमीन किती खचते हे तिथल्या जमीनमालकाला बघायचं होतं. पहिल्या दहा वर्षांतच खांब सुमारे दीड मीटर उघडा पडला. आज तो जवळजवळ चार मीटर बाहेर आहे. खांब आहे तिथेच आहे, जमीन खाली गेली.

ही जमीन पीटची. सतत पाण्याखाली राहिलेल्या ठिकाणी प्राणवायू पोचत नाही, म्हणून शेवाळ, लव्हाळे, पानं, मुळं पुरती कुजत नाहीत. अर्धवट कुजलेल्या अवस्थेत थरावर थर चढत जातात, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. या थरांना पीट म्हणतात. पाणी काढून घेतलं की हवा आत शिरते आणि हजारो वर्षं थांबलेलं कुजणं पुन्हा सुरू होतं. होमच्या चार मीटरांतला काही भाग पाणी गेल्याने दबला, पण बराचसा कार्बन डायऑक्साइड होऊन अक्षरशः हवेत गेला.

जगाच्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के जमीन पीटची आहे. तिच्यात सुमारे 600 अब्ज टन कार्बन आहे, जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात असलेल्या कार्बनपेक्षा जास्त. यातली साधारण 12 टक्के पीटभूमी चर खणून, कालवे काढून कोरडी केली गेली आहे, आणि तेवढीच माणसाच्या एकूण हरितगृह वायू उत्सर्जनात सुमारे 4 टक्क्यांची भर घालते. एवढ्याशा जमिनीचा एवढा मोठा हिशेब असल्यावर सरकारांचं लक्ष तिकडे जाणारच. आणि लक्ष गेलं की पहिला प्रश्न येतो: ती आहे तरी कुठे?

होमचा खांब एका जागेचं खरं सांगतो. धोरणाला सगळ्या जागांचं हवं असतं, तेही याच वर्षी. या दोन गोष्टींमधली दरी आता मशीन लर्निंगने, म्हणजे थोड्या नमुन्यांवरून शिकून बाकीच्या जागांचा अंदाज करणाऱ्या संगणकी यंत्राने, भरली जाते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की दरी भरली गेली असं समजण्याची घाई होते आहे. यंत्राने दिलेला अंदाज ही साक्ष आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी व्हायला हवी. सध्या मात्र त्याला थेट न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं जातंय.

आधी यंत्राच्या बाजूने बोलू. पीट आकाशातून दिसत नाही. उपग्रहाला दिसतं ते वर काय उगवलं आहे, किती ओल आहे, जमीन किती सपाट आहे, चढ-उतार कसे आहेत. खाली पीट आहे की चिकणमाती, आणि असेल तर किती खोल, हे कळायला माणसाला चिखलात उतरून जमिनीत गज किंवा पोकळ नळी खुपसावी लागते. काँगो नदीच्या खोऱ्यातली पीटभूमी आज उष्ण कटिबंधातली सर्वांत मोठी सलग पीटभूमी म्हणून ओळखली जाते, पण तिचा पहिला नीट नकाशा प्रसिद्ध झाला 2017 मध्ये. संशोधक कमरेएवढ्या चिखलातून चालत गेले, नमुने घेतले, आणि त्या नमुन्यांची सांगड उपग्रहाच्या रडार चित्रांशी आणि उंचीच्या आकडेवारीशी घालून 1,45,500 चौरस किलोमीटरचा नकाशा उभा राहिला. पाच वर्षांनी आणखी नमुने मिळाल्यावर तो आकडा 1,67,600 वर गेला. नमुने थोडे आणि प्रदेश अफाट असताना संगणकाला दोहोंमधलं नातं शिकवणं याला दुसरा व्यवहार्य मार्ग नाही. नाहीतर शंभर वर्षं नळ्या खुपसत बसावं लागेल, आणि तोवर निम्मी पीटभूमी उरणार नाही.

तर नकाशा हवा, आणि तो यंत्राकडूनच येणार. खटका त्यानंतर उडतो.

यंत्र ‘इथे पीट आहे’ असं म्हणत नाही. ते म्हणतं, ‘या चौकटीत पीट असण्याची शक्यता 0.62.’ शेजारच्या चौकटीला 0.48. पण कायद्याला 0.62 कळत नाही. कायद्याला जमीन आत आहे की बाहेर एवढंच हवं असतं. म्हणून कुणीतरी एक रेघ मारतं. बहुतेक वेळा ती 0.5 वर पडते, कारण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती आधीपासून तिथेच असते. कुणाच्या जमिनीवर निर्बंध येणार आणि कुणाच्या नाही, हा ज्या आकड्याने ठरतो तो आकडा कुठल्याही सभागृहात मांडला गेलेला नसतो. एखाद्या विश्लेषकाने तो बदलला नाही, इतकाच त्याचा इतिहास.

ही रेघ कुठे मारायची हा तांत्रिक प्रश्नच नाही. चूक दोन प्रकारची होऊ शकते. पीट नसलेल्या जमिनीला पीट म्हटलं, तर शेतकऱ्याला नाहक त्रास होतो: अनुदान अडतं, चर खणायला बंदी येते, जमिनीची किंमत पडते. हा त्रास खरा आहे. पण एक माणूस नळी घेऊन गेला तर दुपारभरात ही चूक उघड होते आणि सुधारता येते. उलट, पीट असलेल्या जमिनीला पीट नाही म्हटलं तर तिथे कालवा निघतो, आणि तो निघाल्यावर जे हवेत जातं ते पुन्हा साचायला हजारो वर्षं लागतात. एक चूक परत घेता येते, दुसरी येत नाही. असं असताना दोघींना सारखं वजन देणारी 0.5 ची रेघ तटस्थ कशी? ती खाली आणायला हवी असं माझं मत आहे. पण मग नाहक त्रास होणाऱ्यांची संख्या वाढेल. ती वाढवण्याचा निर्णय सरकारने उघडपणे घ्यावा आणि प्रत्येकाची चूक स्वतःच्या खर्चाने तपासून द्यावी. शेतकऱ्याने खासगी तज्ज्ञ गाठून, पदरचे पैसे घालून सिद्ध करायचं की आपल्या जमिनीत पीट नाही, हा न्याय नाही.

इंग्लंडमध्ये हे सगळं प्रत्यक्षात घडताना दिसतं. तिथल्या नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने 2025 च्या मे महिन्यात देशाचा नवा पीट नकाशा प्रसिद्ध केला. जमिनीवरचे नमुने, उपग्रहचित्रं, लेसरने मोजलेली उंची आणि मशीन लर्निंग यांच्या मिश्रणातून तो तयार झाला आहे. त्याच वर्षी डोंगराळ माळरानं जाळण्याबद्दलचा नियमही कडक झाला. 2021 चा नियम संरक्षित क्षेत्रांतल्या 40 सेंटिमीटरपेक्षा खोल पीटपुरता होता. आता खोलीची मर्यादा 30 सेंटिमीटरवर आली आणि क्षेत्रही वाढलं. नकाशा आल्यावर काही शेतकऱ्यांनी आणि जमीनमालकांनी त्यातल्या चुकांवर बोट ठेवलं. त्यांच्यातल्या काहींचा हेतू निर्बंध टाळण्याचाच असेल, पण म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. जो माणूस चाळीस वर्षं त्या माळावर वावरला त्याला खडक कुठे लागतो हे ठाऊक असतंच.

इथे यंत्राच्या स्वभावाची एक गोष्ट सांगायला हवी, कारण धोरणाच्या कागदांत ती क्वचित येते. नकाशांसाठी सर्रास वापरली जाणारी रँडम फॉरेस्टसारखी पद्धत शेकडो निर्णयवृक्षांच्या, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या साखळ्यांच्या, उत्तरांची सरासरी काढते. सरासरी टोकांना घाबरते. त्यामुळे खूप खोल पीट जरा उथळ दिसतं आणि खूप उथळ पीट जरा खोल. एकूण साठा काढायला हे फारसं अडत नाही, कारण इकडची चूक तिकडे भरून निघते. पण कायदे सरासरीवर चालत नाहीत, ते टोकांवर चालतात. इंडोनेशियात 1990 पासून 3 मीटरपेक्षा खोल पीट राखून ठेवायचं असं धोरण आहे, म्हणजे वरचं टोक. इंग्लंडची मर्यादा 30 सेंटिमीटर, म्हणजे खालचं टोक. जिथे यंत्र सर्वांत डळमळीत, नेमकी तिथेच कायद्याची रेघ. साडेतीन मीटरचं पीट नकाशात पावणेतीन मीटरचं झालं तर ते संरक्षणातून अलगद निसटतं, आणि एकूण अचूकतेच्या आकड्यात हे कुठेही दिसत नाही.

त्या आकड्याबद्दलही थोडं. ‘नकाशा 90 टक्के अचूक’ हे वाक्य पत्रकार परिषदेत फार छान वाटतं. एखाद्या प्रदेशात 10 टक्केच जमीन पीटची असेल, तर ‘कुठेच पीट नाही’ असं सांगणारा कोरा कागदही 90 टक्के अचूक असतो.

याहून खोल गडबड तपासणीच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. ती खरी ठरते कारण पातेलं एकच असतं. नकाशाची परीक्षा नेहमी अशी होते: हाती असलेल्या नमुन्यांपैकी काही बाजूला ठेवायचे, उरलेल्यांवर यंत्राला शिकवायचं, मग बाजूला ठेवलेल्यांवर तपासायचं. पण नमुने घेतलेले असतात रस्त्याकडेला, नदीकाठी, जिथे संशोधक पोचू शकले तिथे, आणि एकमेकांना चिकटून. बाजूला ठेवलेला नमुना शिकवलेल्या नमुन्यापासून शंभर मीटरवर असेल, तर ती परीक्षा उत्तरपत्रिका आधी दाखवून घेतल्यासारखी आहे. 2020 मध्ये मध्य आफ्रिकेतल्या जंगलांच्या जैवभाराच्या, म्हणजे झाडोऱ्याच्या एकूण वजनाच्या, नकाशांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीने तपासलं तेव्हा मॉडेल जागोजागच्या जैवभारातला निम्म्याहून अधिक फरक बरोबर सांगत होतं. तपासणीचे नमुने शिकवणीच्या नमुन्यांपासून लांब ठेवून तपासलं, तेव्हा त्याची भाकीतशक्ती जवळपास शून्यावर आली. मॉडेल तेच, डेटाही तोच. हे पीटबद्दल नव्हतं, पण पीटचे नमुने जंगलाच्या नमुन्यांपेक्षाही विरळ आणि एकगठ्ठा असतात. काँगोतलं मोठं पातेलं अजून उघडलेलंच नसताना काठावरच्या शितावरून पोटातला भात शिजल्याचं आपण जाहीर करतो.

म्हणून कुठलाही नकाशा धोरणात वापरण्याआधी त्याच्यासोबत दुसरा नकाशा मागितला पाहिजे: यंत्राला कुठे शिकवलंच गेलेलं नाही याचा. तो काढता येतो, त्याची गणितं तयार आहेत. पण अनिश्चिततेचा हा थर शास्त्रीय लेखाच्या पुरवणीत राहतो, आणि मंत्रालयाच्या भिंतीवर लागतो तो एकरंगी, ठाम कडांचा नकाशा. जगाच्या पीटचे वेगवेगळे नकाशे शेजारी ठेवून पाहा. एक सुमारे 42 लाख चौरस किलोमीटर सांगतो, मशीन लर्निंगने बनवलेला दुसरा सुमारे 40 लाख, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2022 च्या आढाव्यातला जवळजवळ 49 लाख. फरक काही लाख चौरस किलोमीटरचा, आणि त्यात कुणी लबाड नाही. ‘पीट’ म्हणायला किती खोली लागते याची व्याख्याच देशागणिक वेगळी आहे: कुठे 30 सेंटिमीटर, कुठे 40, कुठे 50. तीन व्याख्यांतून गोळा केलेले नमुने एका यंत्राला शिकवले, तर ते यंत्र पीटबरोबर आपल्या सरकारी सवयीही शिकतं.

आता यंत्राला दुसऱ्या कामाला लावून पाहू, कारण मला त्याची नालस्ती करायची नाही. खोली त्याला दिसत नाही, पण चर दिसतात. लेसरने मोजलेल्या उंचीत आणि हवाई छायाचित्रांत निचऱ्याच्या चरांची जाळी स्पष्ट उमटते, आणि चित्र ओळखणारी यंत्रं ती हजारो किलोमीटर न थकता आखतात. इंग्लंडच्या याच नकाशात डोंगरमाथ्यावरचे चर असे शोधले आहेत, आणि माझ्या मते त्या साऱ्या खटाटोपातला हाच सर्वांत कामाचा भाग आहे. चर सापडला की तो बुजवता येतो, तिथे बांध घालता येतो. चूक झाली तर जाऊन बघता येते: चर आहे किंवा नाही. वाद घालायला जागाच उरत नाही. रडारने जमिनीची वर-खाली हालचाल मिलिमीटरांत टिपता येते. पीट ओलं झालं की फुगतं, वाळलं की बसतं, त्यावरून पाण्याचा अंदाज येतो. जळालेली क्षेत्रं, नवीन काढलेले कालवे, तोडलेलं जंगल, हे सगळं यंत्र चांगलं ओळखतं.

आणि पाण्याची पातळी हेच तर मर्म आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार शेतीखालच्या पीटमध्ये पाण्याची पातळी दर 10 सेंटिमीटरने वर आणली, तर हेक्टरी वर्षाला किमान 3 टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन वाचतं. पातळी पृष्ठभागापासून 30 सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत हा हिशेब चालतो. पीट दोन मीटर आहे की तीन, यावर या वर्षाचं उत्सर्जन फारसं अवलंबून नाही. पाणी कुठे आहे यावर आहे. इंडोनेशियाने 2014 मध्ये नियम केला की लागवडीखालच्या पीटमध्ये पाणी 40 सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ द्यायचं नाही. मोजपट्टी घेऊन तपासता येणारा, न्यायालयात टिकू शकणारा नियम. यंत्राची हुशारी खोलीच्या रेघेपेक्षा अशा नियमाच्या पहाऱ्यावर लावली, तर तिच्या उणिवा कमी टोचतील आणि उपयोग जास्त होईल.

पण इंडोनेशियाचं नाव निघालं की माझ्याच युक्तिवादावर शंका घ्यावी लागते. 1995 मध्ये अध्यक्ष सुहार्तो यांच्या हुकमाने मध्य कालिमंतानात दहा लाख हेक्टर पीटभूमीवर भातशेती करायची मोहीम निघाली. चार हजार किलोमीटरहून अधिक कालवे खणले गेले. भात जवळजवळ पिकलाच नाही. 1997 च्या एल निनोच्या दुष्काळात ती कोरडी जमीन पेटली आणि महिनोन्‌महिने आतल्या आत धुमसत राहिली. त्या वर्षी इंडोनेशियाच्या पीट आणि जंगलांच्या आगींतून 0.81 ते 2.57 अब्ज टन कार्बन बाहेर पडल्याचा अंदाज आहे, म्हणजे जगभरच्या त्या काळच्या वार्षिक इंधन उत्सर्जनाच्या 13 ते 40 टक्के. दोन टोकांत तिपटीचा फरक, कारण किती क्षेत्र किती खोलवर जळालं हेच नक्की सांगता येत नव्हतं. ही अनिश्चितता मशीन लर्निंगने आज बरीच कमी होईल. पण तिथे पीट आहे हे 1995 मध्ये कुणाला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं, आणि तज्ज्ञांनी बजावलंही होतं. 2015 मध्ये पुन्हा 26 लाख हेक्टर जळाले आणि जागतिक बँकेने नुकसान 16 अब्ज डॉलर सांगितलं. 2020 मध्ये त्याच जुन्या भातशेतीच्या पट्ट्यात सरकारने पुन्हा अन्नधान्य प्रकल्पाची घोषणा केली. काँगोचा सुधारलेला नकाशा प्रसिद्ध झाला त्याच 2022 सालात काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या सरकारने तेलक्षेत्रांचा लिलाव पुकारला, आणि त्यातली काही क्षेत्रं पीटवर होती. तेव्हा ‘डेटा अपुरा आहे’ ही पुष्कळदा सबब असते. जिथे धोरण वाकडं आहे तिथे नकाशा सरळ करून काही होत नाही. आणि माझ्यासारख्यांनी नकाशातल्या चुका दाखवल्या की तीच सबब पुन्हा वापरायला मिळते: बघा, शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, तोवर कालवा चालू दे.

या सापळ्यातून सुटायचं तर शंकेचा फायदा कुणाला मिळेल हे कायद्यानेच लिहून ठेवलं पाहिजे. यंत्र साशंक असेल तर काम थांबेल, नळी घेऊन माणूस जाईल, खर्च सरकार करेल, ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळेल, आणि मिळालेला नमुना यंत्राच्या पुढच्या शिकवणीत जाईल. असं केलं तर शेतकऱ्याची तक्रारही नकाशाच्या कामाची ठरते. आज ती फक्त फाईल असते. ज्याने नकाशा काढला त्यानेच तक्रारीचा निवाडाही करायचा, ही पद्धत तर लगेच बंद व्हायला हवी. जर्मनीत शेतजमिनीचा सुमारे 7 टक्के भाग कोरड्या केलेल्या पीटवर आहे, आणि देशाच्या एकूण उत्सर्जनातला त्याचा वाटाही सुमारे 7 टक्के आहे. ती जमीन पुन्हा ओली करायची तर हजारो कुटुंबांची उपजीविका बदलणार आहे. एवढा बदल त्यांना न उलगडणाऱ्या आकड्यावरून पटवून देता येणार नाही.

एक शेवटची अडचण राहते, आणि मला ती सर्वांत जास्त छळते. पीट स्थिर नसतं. कोरडी केलेली पीटभूमी थंड प्रदेशात वर्षाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर, तर उष्ण प्रदेशात त्याहून अधिक खचते. यंत्राला शिकवायला वापरलेल्या खोलीच्या नोंदी कधी वीस, कधी चाळीस वर्षांपूर्वीच्या असतात. होमच्या खांबाशेजारची 1860 सालची नोंद आज कुणी यंत्राला शिकवणार नाही, पण 1985 ची सहज शिकवली जाते. समजा एका शेतात आज 36 सेंटिमीटर पीट आहे आणि मर्यादा 30 ची. शेतकऱ्याने चर उघडे ठेवले, दरवर्षी नांगरलं, तर आठ-दहा वर्षांत तिथे 28 सेंटिमीटर उरेल. नवा नकाशा निघेल, यंत्र या वेळी अगदी बरोबर उत्तर देईल, आणि ते शेत कायद्यातून सुटेल. शेजारच्या शेतकऱ्याने चर बुजवून आपले 36 सेंटिमीटर राखले असतील, तर निर्बंध त्याच्याच जमिनीवर राहतील.